साडेतीनशे सीसीचा हट्ट

मी कोणती मोटरसायकल घ्यावी, हे आमच्या प्लेन मान्येन गावात सगळ्यांना माहीत होतं. दुकानदाराला माहीत होतं, बसच्या कंडक्टरला माहीत होतं, देवळाच्या कमिटीला तर बहुधा माझ्या जन्माआधीपासून माहीत असावं. विचारायचा राहिलो होतो तो फक्त मी, आणि मला कुणी विचारलं नाही की माझं काय होतं हे माझी बायको कुसुमावती चांगलं जाणून होती.

सन चौसष्टच्या मार्चमध्ये मला बढतीचं पत्र आलं. बारा वर्षं मी सरकारी टेबलापाशी बसून ऊस पाहिला होता, म्हणजे उसाविषयीचे कागद पाहिले होते. आता प्रत्यक्ष ऊस पाहायचा होता. प्लेन मान्येनपासून ग्रां बुआपर्यंतच्या छोट्या शेतकऱ्यांच्या शेतात जायचं, मुळं उकरून अळी आहे का बघायचं, आणि असली तर शेतकऱ्याला समजावून सांगायचं की चूक त्याची नाही पण अर्ज त्यालाच करावा लागेल. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: तीन महिन्यांच्या आत स्वतःची मोटरसायकल आणि ती चालवण्याचा परवाना हवा, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. यादीतला पुढचा माणूस माझ्याच खोलीत, माझ्यासमोरच बसायचा. पत्र आल्या दिवसापासून तो माझ्याशी फार गोड बोलू लागला.

आमचे शेजारी नंदलालकाका हे कस्टममधून निवृत्त झालेले. नोकरीत असताना बेटावर उतरलेली प्रत्येक मोटरसायकल त्यांनी खोक्यात पाहिली होती, आणि त्यामुळे तिच्याविषयी बोलायचा अधिकार फक्त त्यांनाच आहे असं ते धरून चालत. त्यांच्याकडे स्वतःची जपानी गाडी होती. पन्नास सीसी, निळी-पांढरी, पुढे पाय ठेवायला मोकळी जागा. ते ती आठवड्यातून एकदा धुवायचे आणि दोनदा पुसायचे. चालवताना मात्र त्यांच्या शेजारून चालत जाणारा माणूस त्यांच्याशी आरामात गप्पा मारू शकत असे.

"इंद्रदेव, मो दीर त्वा, तुला सांगतो," काका कुंपणावर हात ठेवून म्हणाले, "मोटोसिक्लेत घ्यायची तर ही. एका गॅलनात पोर्ट लुईला जाऊन ये, परत जाऊन ये, आणि उरलेल्या पेट्रोलात बायकोला माहेरी सोड. लाथ मारायचीसुद्धा गरज नाही. पाय नुसता टेकवला की चालू."

"काका, ते शिवणयंत्र आहे. त्याला कुणीतरी चाकं लावलीत."

"शिवणयंत्र कधी रस्त्यात बंद पडलेलं ऐकलंस?"

याला उत्तर नव्हतं. म्हणून मी ठरवलं की ती गाडी घ्यायची नाही.

विमानतळावरचे एक इंग्रज अधिकारी, मिस्टर हॅल्डेन, मायदेशी परत चालले होते आणि आपली गाडी विकत होते. ब्रॅमली साडेतीनशे. काळी टाकी, टाकीवर सोनेरी रेघ, आणि सीट इतकी रुंद की आमच्या ऑफिसातल्या तीन खुर्च्या तिच्यात मावल्या असत्या. मी ती पाहिली मात्र, माझ्यातला बारा वर्षांचा कारकून त्या क्षणी मेला. घरी येऊन कुसुमावतीला सांगितलं.

ती वह्या तपासत होती. ती शेजारच्या गावच्या शाळेत मराठी शिकवायची. सकाळची बस चुकली की तिला उशीर व्हायचा आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे तांबडी खूण पडायची. बस तिच्यामुळे नव्हे तर बसमुळेच चुकायची, पण हजेरीपटात बसची बाजू लिहायला जागा नसते.

"अहो, दोन्हींत काय फरक आहे ते नीट सांगा," ती म्हणाली. "तुम्हाला शेतांत जायचंय. चिखल असणार. वाट अरुंद असणार. हलकी गाडी उचलता तरी येते. ही पडली तर?"

मला सगळी उत्तरं पाठ होती, चढ, ताकद, चाकाची रुंदी, टिकाऊपणा. पण तिच्यापुढे पाठ केलेली उत्तरं चालत नाहीत. ती मास्तरीण आहे.

"मी आठ वर्षांचा होतो," मी म्हणालो. "बा आणि मी उसाच्या इस्टेटच्या रस्त्याने डबा घेऊन चाललो होतो. मागून मॅनेजरची मोटरसायकल आली. बाने मला गटारात ओढलं आणि स्वतः टोपी काढून उभा राहिला. गाडी निघून गेली. धूळ खाली बसली तरी बाच्या हातात टोपी तशीच होती. मला अजून ती गाडी आठवते. मॅनेजर आठवत नाही."

कुसुमावतीने लाल पेन्सिल खाली ठेवली.

"मग घ्या," ती म्हणाली. "पण मला शाळेत सोडायचं. रोज."

आणि मी ती घेतली.

विमानतळ आमच्या घरापासून दोन मैल. ते दोन मैल मी गाडी ढकलत आणली. मिस्टर हॅल्डेन यांनी ती चालू करायची रीत मला दोनदा दाखवली होती. आधी पेट्रोलचा नळ उघडा, मग कार्ब्युरेटरची बारीकशी पिन दाबून त्याला पेट्रोल गळेपर्यंत गुदगुल्या करा, मग हँडलवरच्या छोट्या दांडीने ठिणगी मागे सारा, नाहीतर किक उलट पायावर येते, मग किक हळूच दाबत एका ठराविक जागी आणा, तिथून थोडी पुढे, मग पाय वर, श्वास, आणि लाथ. सत्यनारायणाला याहून कमी विधी लागतात, शिवाय तिथे भटजी सोबत असतो. मिस्टर हॅल्डेनच्या पहिल्या लाथेला गाडी चालू झाली. माझ्या चाळिसाव्या लाथेपर्यंत त्यांचं विमान निघायची वेळ झाली.

गावात शिरताना नंदलालकाका कुंपणापाशी उभेच होते. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या शर्टाकडे पाहिलं.

"ली त्रो लूर," ते हळहळत म्हणाले. "फार जड आहे रे."

"जड नाही काका. भारदस्त."

"ढकलताना दोन्ही सारखंच," ते म्हणाले आणि आपली निळी-पांढरी पुसायला गेले.

पंधरा दिवसांत मी गाडी चालू करायला शिकलो, म्हणजे ती आपल्या मर्जीने चालू व्हायची त्या वेळी जवळ असायला शिकलो. चालू झाली की मात्र राणी. ग्रां बुआचा चढ ती असा चढायची की रस्ताच खाली सरकतोय असं वाटावं. पण सकाळी सातला, जेव्हा कुसुमावती पातळ सावरून, वह्यांची पिशवी घेऊन स्वयंपाकघराच्या पायरीवरून मागच्या सीटवर चढून बसायची, तेव्हा राणीची मर्जी नसायची. दहा-बारा लाथा झाल्या की ती गुपचूप उतरायची आणि बसथांब्याकडे चालू लागायची. बस गेलेली असायची. महिन्यात तीन तांबड्या खुणा पडल्या. ती मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

परवान्यासाठी राजधानीला, पोर्ट लुईला, गेलो तर तिथे वेगळंच संकट. आमचे आजोबा रत्नागिरीकडून आले तेव्हा बंदरावरच्या लेखनिकाने त्यांचं नाव, भिवाजी, आमच्या घराण्याला आडनाव म्हणून कायमचं चिकटवलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण ते कसं लिहायचं हे कुणी ठरवून दिलं नाही. गाडीच्या कागदांवर मी 'इंदुरदेओ भेवाजी' होतो, शिकाऊ परवान्यावर 'इंद्रदेव भिवाजी', आणि जन्माच्या दाखल्यावर 'इंद्रोदेव बिवाजी'.

खिडकीतल्या कारकुनाने तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले. "हे तीन इसम आहेत," तो म्हणाला.

"तिन्ही मीच आहे."

"ही गाडी इंदुरदेओची आहे. इंद्रदेवला ती चालवायची असेल तर इंदुरदेओची लेखी परवानगी लागेल."

"मग मी देतो लिहून."

"तुम्ही कोण?"

मी सरकारी नोकर आहे. बारा वर्षं खिडकीच्या त्या बाजूला बसून मीही लोकांना हे असलंच सांगितलं होतं. पण खिडकीच्या या बाजूला उभं राहिल्यावर त्यातला जो अन्याय स्पष्ट दिसतो, तो त्या बाजूने दिसत नाही. मी आवाज चढवला. रांगेतल्या लोकांना दोन्ही पक्ष बरोबर वाटत होते. शेवटी ठरलं की मी मॅजिस्ट्रेटपुढे शपथेवर सांगायचं की मी आणि मी एकच आहोत, आणि वीस वर्षांच्या ओळखीचा साक्षीदार आणायचा.

साक्षीदार म्हणून नंदलालकाका आले. नवा कोट घालून आले. मॅजिस्ट्रेटने विचारलं, "तुम्ही यांना ओळखता?"

"साहेब, मी या तिघांनाही लहानपणापासून ओळखतो," काका म्हणाले, "आणि तिघेही हट्टी आहेत."

ती नोंद झाली की नाही मला कळलं नाही, पण शिक्का मिळाला. यात पाच आठवडे गेले.

चालवण्याच्या परीक्षेच्या दिवशी मी घरून पोर्ट लुईपर्यंत सुखरूप गेलो. अठ्ठावीस मैल, एकदाही अडखळलो नाही. परीक्षेच्या आवारात परीक्षक सार्जंट म्हणाला, "इंजिन बंद करा आणि पुन्हा चालू करून दाखवा." तापलेली ब्रॅमली पुन्हा चालू करणं म्हणजे रुसलेल्या सासूला पंगतीत परत आणून बसवणं. मी वीस मिनिटं लाथा मारल्या. सार्जंट झाडाखाली जाऊन बसला. त्याने माझ्या कागदावर शेरा लिहिला: 'उमेदवार जागचा हलला नाही.' मग मला बाजूला घेऊन तो प्रेमाने म्हणाला, "मिस्ये, अहो महाशय, एखादी लहान गाडी मागून आणा. परवाना दोन्हींचा एकच असतो."

कुसुमावतीही तेच म्हणाली. नंदलालकाकांनी तर गाडीची किल्लीच पुढे केली. मी म्हणालो, परवाना एकच असला तरी मी एकच आहे असं शपथेवर सांगून आलोय. एक माणूस, एक गाडी.

दुसऱ्या परीक्षेला घाईत मी ठिणगी मागे सारायची दांडी विसरलो. ब्रॅमली चालू झाली नाही, पण किक उलटी आली. घोट्याचा आवाज सार्जंटने झाडाखालून ऐकला.

साखरेच्या लॉरीतून गाडी घरी आली आणि तिच्या शेजारी, पोत्यांवर, मी. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. तीन महिने संपायला बारा दिवस उरले होते. भेटायला येणाऱ्यांनी अंगण भरलं. सगळ्यांनी आधीच सांगितलं होतं. सासरे तुलसीराम ग्रां बुआहून बैलगाडीने आले, पाय पाहिला, आणि आपल्या बैलाने आजवर कुणाला लाथ मारलेली नाही एवढंच बोलून पेरू ठेवून गेले. आणि नवव्या दिवशी आमच्या खात्याच्या साहेबांचा, मिस्ये रोझमों यांचा निरोप आला. ते तिसऱ्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सकाळी दहाला ग्रां बुआच्या शेतांवर येत होते. मी तिथे हजर राहून माझी हद्द त्यांना दाखवावी. यादीतला पुढचा माणूस त्यांच्यासोबत येणार होता.

"संपलं," मी म्हणालो. मला वाटतं, त्या तीन महिन्यांत मी खरं बोललो ते तेवढंच.

कुसुमावती उठली. पेटी उघडली, पातळांच्या घडीखालून एक छोटं निळं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत तिचा फोटो. मोटरसायकल चालवण्याचा परवाना. नाव, आडनाव, सगळं जागच्या जागी.

"हे कधी?"

"शाळेला सुट्टी होती तेव्हा. नंदलालकाकांच्या बायकोने, कुंतीकाकूने शिकवलं, मागच्या उसाच्या वाटेवर. काका दुपारी झोपले की आम्ही त्यांची गाडी काढायचो." तिने पुस्तक परत घेतलं. "तुमच्या दुसऱ्या परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पास झाले. पहिल्याच वेळी."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आधी पास व्हाल असं वाटलं. मग सांगणार होते."

मी भिंतीकडे तोंड करून पडलो. माझा मान दुखावला होता, हे कबूल करतो. पण घोटाही दुखत होता, आणि दोन्हींसाठी एकदमच कण्हता येत होतं ही त्यातल्या त्यात सोय झाली. संध्याकाळपर्यंत मी विचार केला. मग तिला म्हणालो, "चढावर काकांची गाडी आपल्या दोघांना ओढेल का?"

"बघू," ती म्हणाली.

त्या सकाळी प्लेन मान्येन कामावर गेलं नाही. पुढे कुसुमावती, पदर कमरेला खोचलेला. मागे मी, कोट, टाय, मांडीवर फाइल, आणि प्लास्टरचा पाय वल्ह्यासारखा बाजूला ताणलेला. देवळाच्या कमिटीचे जयदेवभाऊ पायरीवर उभे होते, त्यांच्या हातातली घंटा वाजायची राहिली. नंदलालकाका गाडीच्या मागून पन्नास पावलं धावले. माझ्या काळजीने नव्हे, आपल्या गाडीच्या.

सपाटीवर ती जपानी बया छान पळाली. वाट अरुंद झाली, चिखल आला, कुसुमावतीने तिला अलगद कडेकडेने काढलं. ब्रॅमली तिथे पोटापर्यंत रुतली असती. हे मी मनातच ठेवलं. मग ग्रां बुआचा चढ आला. गाडीचा वेग उतरत उतरत चालण्याच्या गतीवर आला. मागून एक बैलगाडी आली आणि आमच्या बरोबरीने चालू लागली. सासरे होते.

"जावईबापू, बसता का इकडे?"

"नको मामा. आम्ही जरा घाईत आहोत."

ते आमच्यापुढे निघून गेले. पण गाडी थांबली नाही. कुसुमावती पुढे वाकून तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोराशी बोलतात तसं. आणि दहाला पाच मिनिटं असताना आम्ही वर होतो.

मिस्ये रोझमों जीपपाशी उभे होते. त्यांच्याशेजारी यादीतला पुढचा माणूस, हसू तोंडावर तयार ठेवून. मला उतरवायला दोन शेतकरी लागले. मग मी काठी टेकत टेकत साहेबांना एकूण एक शेत दाखवलं. कुठे अळी आहे, कुठे नाही, कुठल्या शेतकऱ्याने तीन अर्ज करूनही कुणी आलं नाही. बारा वर्षांचे कागद माझ्या डोक्यात होते, आणि कागदांत जी नावं होती ती माणसं समोर उभी होती. यात दीड तास गेला.

शेवटी यादीतला पुढचा माणूस म्हणाला, "पण साहेब, नियमाप्रमाणे मोटरसायकल आणि परवाना..."

"तुमच्याकडे मोटरसायकल आहे?" साहेबांनी मला विचारलं.

"आहे. घरी."

"आणि परवाना?"

"तोही आमच्या घरी आहे," मी म्हणालो, आणि अजिबात खाली पाहिलं नाही.

साहेबांनी कुसुमावतीकडे पाहिलं. ती गाडीपाशी उभी राहून, वेळ फुकट जाऊ नये म्हणून, वह्या तपासत होती. साहेब बराच वेळ खोकले. मग म्हणाले की मोडलेला पाय हे रजेचं कारण आहे, अपात्रतेचं नाही. प्लास्टर निघाल्यावर परवान्यासाठी आणखी सहा आठवड्यांची मुदत. आणि अळीच्या त्या तीन अर्जांचा अहवाल सोमवारी टेबलावर पाहिजे. सोमवारी तो मी दिला. कुठल्या गाडीने दिला असं कुणी विचारलं नाही.

प्लास्टर निघाल्यावर मी ब्रॅमलीवरच परीक्षा दिली. सगळ्यांनी सांगितलं, आता तरी शहाणा हो. झालो नाही. दांडी मागे, किक जागेवर, श्वास, लाथ. दुसऱ्या लाथेला चालू झाली. सार्जंट झाडाखालून उठून आला आणि त्याने टोपी काढली, कदाचित घाम पुसायला.

नंदलालकाकांनी निळी-पांढरी आम्हालाच विकली. आमच्या स्वारीनंतर तिच्यावर बसायला त्यांना भीती वाटू लागली होती. कुसुमावती तिच्यावरून रोज शाळेत जाऊ लागली. तांबड्या खुणा बंद झाल्या. आणि मग, एका दुपारी, काका, जयदेवभाऊ आणि कमिटीचे आणखी दोघे आमच्या अंगणात आले. मी ब्रॅमलीची साखळी आवळत बसलो होतो.

"इंद्रदेव, बायकामाणसाने असं गावातून मोटोसिक्लेतवर..." जयदेवभाऊंनी सुरुवात केली. "लोक बोलतात रे."

"जयदेवभाऊ, हीच गाडी चांगली असं तुम्हीच सगळे सांगत होता."

"तुझ्यासाठी म्हणत होतो आम्ही!" काका म्हणाले. "तिच्यासाठी नव्हे. आता बघ, कुंतीसुद्धा म्हणायला लागलीय की..."

"काय म्हणायला लागलीय?"

"ते जाऊ दे. तू तिला समजाव. तू नवरा आहेस. समाजाचं काही..."

त्यांच्याकडे सांगायला पुष्कळ होतं. चौघांनीही घरून तयारी करून आणली होती. मी उठलो, हात पुसले, नळ उघडला, पिन दाबली, दांडी मागे सारली आणि लाथ मारली. पहिल्या लाथेला चालू. साडेतीनशे सीसीचा एकच सिलिंडर पत्र्याच्या छपराखाली धडाडू लागला की दोन हातांवर उभ्या असलेल्या माणसाचे फक्त ओठ दिसतात. मी थ्रॉटल थोडा वाढवला. जयदेवभाऊंचे ओठ हलत होते. मग काकांचे हलले. मग चौघांचे एकदम. मी मान डोलवत, अतिशय आदराने, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. दहा मिनिटांनी ते फाटकातून बाहेर पडले.

ते वळणावर जातात न जातात तोच कुसुमावती शाळेतून आली. निळ्या-पांढऱ्या गाडीच्या पुढच्या टोपलीत वह्या होत्या आणि मागे, पदर दातांत धरून, कुंतीकाकू बसली होती. मी इंजिन बंद केलं.

"कमिटी आली होती वाटतं?" कुसुमावती गाडी लावत म्हणाली. "काय म्हणत होते?"

"कुणास ठाऊक," मी म्हणालो. "मला काही ऐकू आलं नाही."